आर्डिथचा एकच अंदाज

एस्टिल कॉडिल रोज सकाळी सात वाजता डोनाच्या खानावळीत बसून टॉलिव्हर कॉलेजची पुढच्या वर्षीची बास्केटबॉल टीम निवडत असे. हे काम कॉलेजने त्याला दिलेलं नव्हतं. कॉलेजने त्यासाठी हॅलिगन नावाचा कोच पगार देऊन ठेवला होता, शिवाय त्याच्या हाताखाली तीन माणसं. पण एस्टिलचं म्हणणं असं की ही मंडळी बाहेरगावची, आज आहेत उद्या नाहीत. टीम आपली आहे, तेव्हा काळजीही आपणच करायची. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षांत त्याने एक सकाळ चुकवली नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काय ते चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत बाकीच्यांनी मिळून गार्डच्या जागेवर एक असा पोरगा निवडून ठेवला की एस्टिल त्यावरून त्यांना अजून टोचून बोलतो.

बाकीचे म्हणजे दोघं. एक बर्ल नेपियर. याने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि आता फोनवर कॉलेजचं विमान कुठे उडतंय, कुठे उतरतंय ते बघत बसतो. विमान ज्या गावी उतरलं त्या गावातला उंच पोरगा कोच हेरायला गेला, असा त्याचा सरळ हिशेब. दुसरा औषधांच्या दुकानातला डेल्मर सायझमोर. त्याला कॉलेजच्या आतल्या गोटातला कोणीतरी बातम्या देतो. हा कोणीतरी कोण, हे डेल्मर सांगत नाही, आणि त्याच्या बातम्या बघता त्या माणसाचं नाव लपवलेलंच बरं असं सगळ्यांचं मत आहे.

शेजारच्या टेबलाशी आर्डिथ बसायची. एस्टिलची बायको, वय सदुसष्ट, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, मांडीवर कोणाची तरी पँट आणि हातात सुई. ती तासभर बसून दुमडपट्टी घालायची, कॉफी प्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. पुरुषांना वाटायचं, बिचारीला खेळातलं काही कळत नाही. एस्टिल तर कधी कधी मोठ्या मनाने तिच्याकडे वळून सांगायचा, "आर्डिथ, सेंटर म्हणजे तो उंच असतो ना, तो."

"अच्छा," आर्डिथ म्हणायची.

गंमत अशी की त्या खानावळीतच काय, अख्ख्या टॉलिव्हर गावात पुढच्या वर्षीची टीम खरोखर माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते दुमडपट्टी घालत बसलेलं असायचं.

कॉलेजच्या टीमचे कपडे गेली बावीस वर्षं आर्डिथ शिवत आली होती. कपडे तयार यायचे कारखान्यातून; त्यावर आकडा आणि नाव बसवणं, फाटलेलं सांधणं, उंच पोरांच्या सरावाच्या जॅकेटांच्या बाह्या सोडणं हे काम तिचं. आणि तिच्या कामात एक जागा अशी होती जिथून सगळं दिसायचं. बाहेरचा एखादा पोरगा कॉलेज बघायला आला की त्याला टीमचे कपडे घालून त्याचे फोटो काढतात. दिव्याखाली उभं करून, चेंडू हातात देऊन, पाठीवर त्याचंच नाव. पोरगा फोटो बघून हुरळतो, त्याची आई रडते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. तर त्या फोटोसाठी पाठीवर नाव कोण शिवणार? आर्डिथ. होबर्ट नावाचा सामानाचा जुना व्यवस्थापक आदल्या दिवशी तिच्या व्हरांड्यात एक पिशवी ठेवून जायचा. पिशवीत जर्सी आणि एक चिठ्ठी: आकडा, माप, आडनाव. बस्स. कोणतं आडनाव एकदा आलं, कोणतं दोनदा आलं, कोणत्या आडनावाची सरावाची चड्डीही पाठोपाठ आली, एवढ्यावरून आर्डिथला सगळं समजायचं.

पण तिने हे कधी कोणाला सांगितलं नाही. एस्टिलला तर नाहीच. एस्टिलला सांगणं आणि रेडिओवर सांगणं यात फारसा फरक नव्हता. घरात शिवणाच्या खोलीला कडी असायची आणि एस्टिलला वाटायचं, आत पडदे शिवणं चाललंय. बावीस वर्षं तिने सगळं पोटात ठेवलं आणि त्याचा तिला मनातून चांगलाच अभिमान होता. शेजारच्या टेबलावर विमानं उडायला लागली की ती मान खाली घालून हसायची. गेल्या वर्षी विमानाच्या जोरावर बर्लने एक सात फुटी सेंटर आणला होता, तीन आठवडे बोलण्याबोलण्यात त्याला टीममध्ये खेळवलाही. आणि शेवटी कळलं की विमान कोचच्या सासूच्या अंत्यविधीला गेलं होतं. त्या दिवशी आर्डिथचा टाका वाकडा गेला, इतकी ती आतल्या आत हसली.

ही गोष्ट ज्या एप्रिलची, त्या एप्रिलातल्या एका शुक्रवारी टेबलावर पुढच्या वर्षीची टीम मांडलेली होती. मिठाची कुपी, मिरीची कुपी, सिरपचा जार हे जुने खेळाडू; केचपची बाटली म्हणजे ओहायोतला टेट नावाचा सहा फूट नऊ इंच पोरगा; आणि राखीव खेळाडू साखरेच्या पुड्या.

"लिहून ठेवा," बर्ल म्हणाला. "विमान काल दुपारी डेटनला उतरलं. दोन तास थांबलं, परत आलं. डेटनला काय आहे?"

"विमानतळ," डेल्मर म्हणाला.

"टेट आहे, टेट! कोच काय तिथे केस कापायला गेला होता?"

"टेट येतोय हे मला मंगळवारीच कळलं होतं."

"मग मंगळवारी का नाही बोललास?"

"सांगू नको म्हणाला तो."

"कोण तो?"

डेल्मरने कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं.

एवढ्यात डोना आली आणि शेजारच्या गिऱ्हाइकासाठी सिरपचा जार उचलून घेऊन गेली. "अगं अगं, तो आमचा मुख्य गार्ड आहे!" एस्टिल ओरडला. "पाच मिनिटांत आणून देते तुमचा गार्ड," डोना म्हणाली, "भाड्याने दिलाय समजा."

एस्टिल मोजू लागला. "टीममध्ये जागा पंधरा. टेट धरून होतात सोळा. एक कोणीतरी जाणार."

"कोण?"

एस्टिलने साखरेच्या पुड्या एकेक करून चाचपल्या. मग एक साखरेची पुडी बोटाने बाजूला सरकवली. "कोल्टन."

"कोल्टन गेहार्ट? लेका, आपल्या डोंगरातला पोरगा आहे तो. रीव्हाचा मुलगा."

"आपला आहे म्हणून तर जीव तुटतो माझा. पण पाय बघ त्याचे. मागे धावताना वाटतं याचे मोजे ओले झालेत."

"शॉट आहे त्याच्याकडे."

"शॉट माझ्या बहिणीकडेही आहे, समोर कोणी नसेल तर. तीन वर्षं बसला बाकावर, गुणी पोरगा, पण धंदा आहे हा बर्ल. कोचला जिंकायचंय." आणि जड मनाने सुस्कारा टाकून एस्टिलने ती पुडी फाडली, कॉफीत ओतली आणि ढवळली.

आर्डिथला ते बघवलं नाही. कोल्टनची पहिली जर्सी तिनेच शिवली होती, चोवीस नंबरची. शाळेपासून तो चोवीसच घालायचा. लॉरेल खोऱ्याच्या वरच्या टोकाला त्याचं घर, बाप कधीच नव्हता, आई रीव्हा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. पोरगा दर रविवारी चर्चमधून आर्डिथकडे जेवायला यायचा आणि जेवल्यावर आपली ताटली स्वतः धुवायचा. आर्डिथला मूलबाळ नव्हतं. ते दुःख आता जुनं झालं होतं, पण रविवारी ती बीन्सचं कालवण नेहमीपेक्षा मोठ्या भांड्यात करायची, हे एस्टिलच्याही लक्षात आलं होतं. अशा पोराला यांनी कॉफीत ढवळून प्यावं? काय कळतं यांना, असं मनात म्हणत ती घरी आली.

व्हरांड्यात पिशवी होती. होबर्ट मार्चमध्ये निवृत्त होऊन मुलीकडे फ्लोरिडात गेला होता. पिशवी आता रॅन्स नावाचा नवा, तरणा मदतनीस कोच ठेवून जायचा. आर्डिथने चिठ्ठी उघडली. आकडा चोवीस. माप सगळ्यात मोठं. नाव टेट.

ती व्हरांड्याच्या पायरीवरच बसली.

होबर्टचा एक नियम होता आणि तो बावीस वर्षं मोडला गेला नव्हता. टीममध्ये जो खेळतोय त्याचा आकडा पाहुण्या पोराच्या पाठीवर कधी घालायचा नाही. फोटोपुरताही नाही. रिकामे आकडे पुष्कळ असतात, त्यातला द्यायचा. म्हणून आजवर जेव्हा जेव्हा चालू खेळाडूचा आकडा चिठ्ठीत आला, तेव्हा तेव्हा तो खेळाडू जाणार हे वर आधीच ठरलेलं असे. असं तीनदा झालं होतं आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत पोरगा गेला. आर्डिथने तिन्ही वेळा ओळखलं होतं, आणि तिन्ही वेळा गप्प राहिली होती.

आता एक फोन करायचा होता. रॅन्सला विचारायचं, बाबा रे, हा चोवीस चुकून आला का? दोन मिनिटांचं काम. पण जिला न विचारता सगळं कळतं तिने विचारायचं कशाला? बावीस वर्षांत तिने कॉलेजला एक प्रश्न विचारला नव्हता. चिठ्ठीवरून ओळखायचं हीच तिची शान. मला तिच्याबद्दल फार माया आहे, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आर्डिथ आणि बर्लचं विमान यात काडीचा फरक नव्हता. फरक इतकाच की बर्लचं सासूच्या अंत्यविधीला उतरलं तरी कोणाचं नुकसान होत नव्हतं.

शनिवारी तिने चोवीस शिवला. रविवारी कोल्टन आला.

एस्टिल मागच्या अंगणात गवत कापत होता. कोल्टन स्वयंपाकघरात बसून जेवत होता आणि उत्साहाने बोलत होता, जे तो सहसा करत नसे.

"आईने दिवसपाळी मागून घेतलीय, मिस आर्डिथ. पुढच्या वर्षी घरच्या मैदानावरची एकही मॅच चुकवणार नाही म्हणते. शेवटचं वर्ष ना. पहिल्या पाचात घेतील की नाही माहीत नाही, पण मी रोज सकाळी सहाला जिममध्ये असतो."

"कोच काही बोलला का रे तुझ्याशी? पुढच्या वर्षाचं?"

"बुधवारी जेवायला बोलावलंय, मॅम. चौथ्या वर्षाच्या पोरांना एकेकटं बोलावतात ते."

बुधवारी. आर्डिथने मनात दिवस मोजले. कॉलेज बदलायचं असेल तर खेळाडूने आपलं नाव पोर्टलमध्ये टाकायचं असतं, आणि ते एप्रिलात पंधरा दिवस उघडं असतं. ते मंगळवारी बंद होणार होतं, हे टॉलिव्हरमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ होतं. मंगळवारी दार बंद, आणि बुधवारी जेवायला बोलावून सांगणार, बाळा, जागा नाही! म्हणजे पोरगा ना इथला ना तिथला. शेवटचं वर्ष प्रेक्षकांत बसून काढायचं. इतका नीचपणा हॅलिगन करील असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि बावीस वर्षं लावलेलं कुलूप त्या रागात निघालं.

तिने त्याला शिवणाच्या खोलीत नेलं, कडी काढली आणि जर्सी दाखवली.

कोल्टनने जर्सी हातात घेतली. त्याने आकड्यावरून अंगठा फिरवला. "टेट," तो म्हणाला. "चांगला आहे तो. मी बघितलाय."

"मी हे कोणाला सांगत नाही रे. पण तुझ्यासारख्या पोराला यांनी असं..."

"तुमची खात्री आहे, मॅम?"

"बावीस वर्षांत माझं एकदाही चुकलं नाही."

हे खरंच होतं. बावीस वर्षांत ती एकदाही बोलली नव्हती.

"थँक यू, मॅम," कोल्टन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने ते तिच्यासमोर वाहू दिले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्याने उरलेलं सगळं संपवलं, ताटली धुतली, फडक्याने पुसून जागेवर ठेवली. दारात थांबून फक्त एवढंच म्हणाला, "आईला कसं सांगायचं ते बघतो."

मंगळवारी दुपारी कोल्टन गेहार्टचं नाव पोर्टलमध्ये आलं.

बुधवारी सकाळी डोनाच्या खानावळीत जणू कोणी गेलं होतं. एस्टिल ताटलीला हात लावायला तयार नव्हता.

"गद्दार," तो म्हणाला. "आपल्या डोंगरातला पोरगा आणि असा पाठ दाखवून जातो? मी त्याच्यावर किती आशा ठेवली होती!"

"शुक्रवारी तर तूच त्याला कॉफीत घालून प्यायलास," डेल्मर म्हणाला.

"ते वेगळं. आपण काढणं वेगळं, त्याने जाणं वेगळं."

"मुलगी असणार," बर्ल म्हणाला. "टेनेसीत. विमान टेनेसीवरून जातं तेव्हा..."

"विमानाचा काय संबंध रे यात?"

"आतल्या माणसाने मला कालच..." डेल्मरने सुरुवात केली आणि दोघांनी एकदमच त्याला गप्प बसवलं.

शेजारच्या टेबलाशी आर्डिथ दुमडपट्टी घालत होती. तिला वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्यात थोडं समाधानही होतं. पोरगा वेळेवर सुटला. आयुष्यात एकदा तोंड उघडलं आणि ते कामी आलं.

हे समाधान एकोणीस दिवस टिकलं. कोचने कोल्टनला कितीतरी फोन केले. पोराने अभिमानापायी एकही उचलला नाही. त्याने नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजात सही केली, घरापासून हजार मैलांवर, कारण इतक्या उशिरा तेवढंच मिळालं. आणि त्यानंतरच्या सोमवारी गावच्या रेडिओवर कोच हॅलिगनची मुलाखत लागली. आर्डिथ मशीनवर होती, रेडिओ खिडकीत.

"सगळ्यात मोठा धक्का कोल्टनचा," कोच सांगत होता. "जागा एक दुसरा मुलगा सोडणार होता, ते आधीच ठरलं होतं. कोल्टनला मी कॅप्टन करणार होतो. बुधवारी जेवायला बोलावलं होतं, तेच सांगायला. त्याच्या आईलाही बोलावणार होतो. अजून मला कळत नाही, काय झालं."

आर्डिथने मशीन थांबवलं. मग तिने तयार कपड्यांचा गठ्ठा उचलला, जो शुक्रवारी द्यायचा होता, आणि गाडी काढून थेट कॉलेजात गेली. रॅन्स सामानाच्या खोलीत बुटांच्या खोक्यांमध्ये बसला होता.

"तो चोवीस," ती म्हणाली. "टेटचा. तो का दिला होता त्याला?"

कॉलेजला तिने विचारलेला आयुष्यातला पहिला प्रश्न. रॅन्सने डोकं खाजवलं. "चोवीस? हां, फोटोसाठी. तो शाळेत चोवीस घालतो ना, म्हणाला तोच द्या, म्हटलं घे बाबा. फोटोच तर आहे. इथे खेळायला त्याने अकरा मागितलाय." मग त्याने शेल्फवरून ती जर्सी काढून तिच्याकडे दिली. "बरं आठवण केलीत, मिस आर्डिथ. यावरचं नाव उसवून टाकाल? कपडा नवा आहे, वाया नको जायला."

तिने घरी येऊन नाव उसवलं. इंग्रजी चार अक्षरं, तिच्याच हातची पक्की टीप, एकेक टाका कातरीच्या टोकाने तोडावा लागला. एस्टिल दाराबाहेरून विचारत होता, जेवायचं काय. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, मी त्या पोराचं वाटोळं केलं. तिने सांगितलं, सँडविच करून घे.

उन्हाळा असाच गेला. दर रविवारी तिने कोल्टनला पत्र लिहायला घेतलं आणि दर रविवारी फाडलं. शेवटी नोव्हेंबरात रीव्हाच तिच्या दारात आली, हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली आणि एक निळी जर्सी. नेब्रास्काच्या कॉलेजची, कोल्टनने आईला पाठवलेली, तिच्या अंगावर तंबूसारखी होणारी.

"जरा आवळून द्याल का, मिस आर्डिथ? मॅचच्या दिवशी घालीन म्हणते. फोनवर दिसतात मॅच, मध्ये मध्ये अडकतात, पण दिसतात. आणि हा मुरंबा तुमच्यासाठी. कोल्टनने सांगितलंय मला, तुम्ही काय केलंत ते. तुम्ही नसतात तर माझ्या पोराचं या लोकांनी हसं केलं असतं."

"रीव्हा, बस," आर्डिथ म्हणाली, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चिठ्ठी, होबर्टचा नियम, न केलेला फोन, अकरा नंबर. मध्ये कुठे थांबली नाही, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं.

रीव्हा मांडीवरच्या जर्सीची घडी घालत राहिली. घडी झाली, मग मोडली, मग पुन्हा घातली.

"रेडिओवर कोच म्हणाला ते खरं होतं तर," ती म्हणाली. "मी कोल्टनला कळवलं होतं. तो म्हणाला, आता काय, काहीही बोलतील."

"मी फोन करते त्याला. आज करते. मला माफ नाही केलं तरी चालेल."

"नाही." रीव्हाने पहिल्यांदाच वर बघितलं. ती रागावलेली होती, आणि तो राग तिने लपवला नाही. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून त्याला नका सांगू. तो तिकडे बाकावर बसतो, रात्री मला म्हणतो, आई, इथे निदान खरं बोलतात. कोचने टाकलं असं धरून तो उभा आहे. टाकलंच नव्हतं, फक्त बुधवारपर्यंत थांबायचं होतं, हे कळल्यावर तो काय धरून उभा राहील? गावात त्याला परत यायला दोन घरं आहेत, मिस आर्डिथ. माझं आणि तुमचं. मला ती दोन्ही राहायला हवीत. तुम्ही बोलायचं नाही. कोणाशीच नाही."

"बरं," आर्डिथ म्हणाली.

"कमरेत दोन इंच घ्या," रीव्हा म्हणाली आणि निघून गेली. मुरंबा टेबलावर राहिला.

नाताळात कोल्टन चार दिवसांसाठी घरी आला. दुसऱ्याच सकाळी तो डोनाच्या खानावळीत शिरला. त्याने टोपी काढली आणि सरळ एस्टिलच्या टेबलाशी गेला. एस्टिलने वर बघितलं नाही.

"मी असा गेलो म्हणून तुम्ही रागावलात, सर, माहीत आहे मला," कोल्टन म्हणाला. "पण मी पळून गेलो नाही. माझा नंबर टेटला देऊन झाला होता. आकडा शिवूनसुद्धा झाला होता, मी डोळ्यांनी बघितला. आणि या गावात मला ते तोंडावर सांगणारं माणूस एकच निघालं." त्याने शेजारच्या टेबलाकडे हात केला. "मिस आर्डिथ."

एस्टिलने मान वळवून बायकोकडे असं बघितलं की लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

"तू?"

"बावीस वर्षं सगळ्यांचे आकडे त्याच शिवतात, सर. कोण येणार, कोण जाणार, सगळं आधी त्यांना कळतं. तुम्हाला सांगितलं नाही कधी?"

"पडदे!" एस्टिल म्हणाला. "ती पडदे शिवते म्हणून मी..."

"म्हणजे हॅलिगन रेडिओवर खोटं बोलला," बर्लने टेबलावर मूठ आपटली. "कॅप्टन म्हणे!"

"तरीच चोवीस नंबर अजून कोणाला दिला नाही," डेल्मर म्हणाला. "लाज वाटली असणार. मला आतून कळलंच होतं काहीसं."

आर्डिथ सुई धरून बसली होती. हॅलिगन खोटं बोलला नाही, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. समोर कोल्टन उभा होता, नेब्रास्कात थोडा वाळलेला, आणि तिच्याकडे असा बघत होता जसं त्या गावात आणखी कोणाकडे बघायची त्याला गरज नव्हती. तिने ते वाक्य गिळलं.

एस्टिल उठला. बर्लला त्याने खुर्चीसकट बाजूला सरकवलं, मधे जागा केली आणि डोनाच्या खानावळीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या टेबलाला चौथी खुर्ची लागली. ती कोल्टनने ओढून धरली.

"बसा, मॅम."

आर्डिथ बसली. एस्टिलने मिठाची कुपी, मिरीची कुपी, केचपची बाटली सगळं तिच्यापुढे सरकवलं. त्याच्या आवाजात तिने आजवर कधी न ऐकलेला आदर होता.

"आता सांग. पुढच्या वर्षी सेंटर कोण?"

"मला काही माहीत नाही, एस्टिल," आर्डिथ म्हणाली. "मला खरंच काही कळत नाही यातलं."

 बर्लने कौतुकाने मान हलवली.

"बघितलंत?" तो म्हणाला. "याला म्हणतात आतलं माणूस. मेली तरी बोलणार नाही."

कोल्टन हसला, आणि त्याने वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.